पिक्चर कसा आहे, हे विचारलं कोणी?

पत्र : ताई, मी नागपूरचाच. वय 36, नोकरी विमा कंपनीत, व्यसन एकच, पिक्चरचं. शुक्रवारचा पहिला शो शक्यतो सोडत नाही. 'छावा' तीनदा पाहिला, 'धुरंधर' दोनदा. ट्रेलर आला की मित्रांच्या ग्रुपवर सगळ्यात आधी माझं मत पडतं आणि बहुतेक वेळा ते खरं निघतं. पण घरचे वैतागलेत. आईला 'दशावतार' पाहायचा होता. मी जेवताना त्याबद्दल बोललो, तर म्हणाली, "आता काय जाऊ? तूच दाखवला सगळा." बायको माझ्यासोबत यायलाच नाही म्हणून राहिली. तिचं म्हणणं, पार्किंगमधून गाडी निघायच्या आत तुमचं सुरू होतं. साळ्याशी 'रामायण'वरून असं वाजलं की दिवाळीपासून तो घरी फिरकला नाही. मी टीझर पाहून एवढंच म्हटलं होतं की हा पडणार, आणि पाच हजारांची पैज लावली. 'राजा शिवाजी'बद्दलही मला शंका आहे, पण आता बोलायची चोरी. मराठीत तर टॉकीजमध्ये जाऊन पाहावं असं काही येतच नाही. 'स्थळ' चांगला होता म्हणतात, तो राहून गेला. इतके पिक्चर पाहणाऱ्या माणसानं मत द्यायचं नाही, तर कोणी द्यायचं? का तोंड बंद ठेवू?
– एक पिक्चरबाज, मनीषनगर

उत्तर : भाऊ, तोंड बंद ठेवू नका. पिक्चर पाहून गप्प बसलेला नागपूरकर मी अजून पाहिला नाही. आपल्याकडे इंटरव्हलला मुतारीच्या रांगेतसुद्धा परीक्षण सुरू असतं. ज्या शहरातले चौक व्हरायटी, पंचशील अशा टॉकीजच्या नावांनी ओळखले जातात, तिथल्या माणसाला पिक्चरबद्दल बोलू नको म्हणणं म्हणजे तर्रीशिवाय पोहे खा म्हणण्यासारखं आहे.

तुमचं मत चुकतं असंही मला वाटत नाही. पण पत्र जरा परक्या माणसाचं समजून वाचा. आईनं पाहायच्या आधी तुम्ही बोललात. बायकोनं तोंड उघडायच्या आधी तुम्ही बोलता. 'रामायण' तर पुरा व्हायच्या आधीच बोललात. आणि 'स्थळ'बद्दल कोणीतरी बोलायची खरी गरज होती, तेव्हा तुम्ही बहुधा 'छावा'च्या तिसऱ्या तिकिटासाठी उभे होता. घरात भांडण तुमच्या आवडीनिवडीवरून नाही, तुमच्या वेळेवरून आहे. ज्या पिक्चरला तुमच्या मताची गरज नाही त्याचं मत तुम्ही महिनाभर आधी वाटता, आणि ज्याला गरज असते त्याचं मत तो उतरल्यावर.

आधी साळ्याचं घेऊ, कारण तिथे पैसे अडकलेत.

नितेश तिवारींचा 'रामायण' दोन भागांत येणार, पहिला दिवाळी 2026 ला आणि दुसरा दिवाळी 2027 ला, असं निर्मात्यांनी जाहीर केलंय. त्याची झलक आली जुलै 2025 मध्ये. म्हणजे तुम्ही निकाल दिलात तो पिक्चर यायला सव्वा वर्ष असताना. असल्या पिक्चरमध्ये कॉम्प्युटरवरचं काम अगदी शेवटपर्यंत चालू असतं. टीझर कापणारे लोक बरेचदा वेगळेच असतात आणि हाताशी जे तयार असेल त्यातून ते कापतात. तुम्ही लगेच म्हणाल, मग रामायणावरच्याच 'आदिपुरुष'चं काय? बरोबर आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये त्याचा टीझर आला, लोकांनी टर उडवली, जानेवारी 2023 ची तारीख पुढे ढकलून 16 जून करावी लागली आणि तरी व्हायचं ते झालंच. टीझर पाहून नाक मुरडणारे त्या वेळी खरे ठरले. पण आठवून पाहा, लोक सगळ्यात जास्त चिडले कशावर? हनुमानाच्या तोंडी घातलेल्या संवादांवर. इतके चिडले की पिक्चर लागल्यावर संवाद बदलावे लागले. ते संवाद टीझरमध्ये नव्हते. टीझरमध्ये चित्र दिसतं, लेखन दिसत नाही, आणि पिक्चर लेखनात मरतात. रणबीर कपूर राम म्हणून कसा दिसतो हे तुम्हाला टीझरवरून कळलं असेल. तो वनवासाला निघताना दशरथाशी काय बोलतो, हे तुम्हालाही माहीत नाही आणि साळ्यालाही.

दुसरं, तुम्ही म्हणालात 'पडणार'. पडणार म्हणजे नेमकं काय? वाईट निघणार, का धंदा करणार नाही? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तुमच्यासारख्या जुन्या खेळाडूनं त्यांची मिसळ करू नये. धंद्याचंच म्हणत असाल, तर कोणता आकडा धरणार? तुम्ही तिकिटाचे 236 रुपये दिले, तर त्यातले 36 जीएसटीचे. शंभराच्या वरच्या तिकिटाला 18 टक्के लागतो. राहिले 200. त्यातला वाटा टॉकीजवाला ठेवतो. हिंदी पिक्चरवाले आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं 2009 मध्ये दोनेक महिने जोरात वाजलं होतं, नवे हिंदी पिक्चर मल्टिप्लेक्सला लागतच नव्हते. मग जो तह झाला त्यात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात 50 टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे 30 असा ठरला. म्हणजे तुमच्या 236 मधले पहिल्या आठवड्यात शंभरच पुढे जातात, महिन्याभरानं गेलात तर साठ. पोस्टरवर 'पाचशे कोटी' लिहिलेलं असतं तो आकडा बहुतेकदा ग्रॉस, म्हणजे सरकारचा आणि टॉकीजचा वाटा धरून. पैज लावताना यातलं काही ठरलं होतं का? नसेल, तर ती पैज कोणीच जिंकू शकत नाही. साळ्याला फोन करा आणि म्हणा, पैज रद्द, दिवाळीच्या पहिल्या शोची तिकिटं माझ्याकडून. पाच हजारांपेक्षा स्वस्तात सुटाल. आणि त्या दिवशी त्याला आवडला, तर आवडू द्या.

'राजा शिवाजी'चं वेगळं आहे. त्यावर तुम्ही बोला, मला काही वावगं वाटत नाही, फक्त निकाल म्हणून नको, शंका म्हणून बोला. शंकेला जागाही आहे. रितेश देशमुखांनी याआधी दिग्दर्शित केलेला पिक्चर 'वेड', डिसेंबर 2022 चा. तो तेलुगू 'मजिली'वरून घेतलेला, आजच्या काळातली प्रेमकथा. तिथून थेट महाराजांवर, दिग्दर्शनही आपलं आणि मुख्य भूमिकाही आपली, ही उडी मोठी आहे. पेलेल का, असं कोणीही विचारू शकतं. दुसरीकडे कॅमेरा संतोष सिवन यांचा, संगीत अजय-अतुल यांचं. म्हणजे डोळ्यांना आणि कानांना काही कमी पडेल असं दिसत नाही. जाहीर झालेली तारीख 1 मे 2026, महाराष्ट्र दिनाची. माझं विचाराल, तर मला धास्ती वेगळीच आहे. हल्ली ऐतिहासिक पिक्चरमध्ये माणूस कमी आणि गर्जना जास्त असते. महाराज दरबारात हळू आवाजात बोलताना दाखवले, तर मी पहिली टाळी वाजवीन. ही माझी शंका आणि ती मी पिक्चर पाहून मागे घ्यायला मोकळी आहे. तुम्ही मात्र ग्रुपवर लिहिलेलं मागे घेता का कधी? तिथे अडचण होते. एकदा 'पडणार' लिहिलं की माणूस पिक्चर पाहायला जात नाही, आपलं म्हणणं खरं करायला जातो.

आता तुमचं ते वाक्य, की मराठीत काही येतच नाही. इथे मी थोडी रागावणार आहे.

'स्थळ' आला 7 मार्च 2025 ला. जयंत दिगंबर सोमलकर यांचा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात चित्रित केलेला, गावातल्याच लोकांना घेऊन. मुलगी पाहायच्या कार्यक्रमावरचा पिक्चर. 2023 मध्ये टोरंटोच्या महोत्सवात बक्षीस घेऊन आला होता. आपल्या घराघरांत बोलतात तशी बोली, पडद्यावर, आणि कोणाला हसवायला आणलेली नाही. हिंदी-मराठी पिक्चरांत वऱ्हाडी माणूस आला की तो एक तर नोकर असतो नाही तर विनोदाचा तुकडा, ही तक्रार तुम्हीही केली असेल. ज्यांनी ती खोटी पाडली त्यांचा पिक्चर शेजारच्या जिल्ह्यातून येऊन लागला, तेव्हा 'छावा'ला तीन आठवडे झाले होते आणि शो अजून त्याचेच होते. 2022 मध्ये 'झुंड' आला तेव्हा नागपुरात सगळ्यांना माहीत होतं, कारण बच्चन इथे येऊन शूटिंग करून गेले होते आणि गोष्टही हिस्लॉप कॉलेजच्या विजय बारसे सरांवर बेतलेली. 'स्थळ'मध्ये बच्चन नव्हते. त्याला तुम्ही हवे होतात.

पूर्वी हे चालून जायचं. व्हरायटी-पंचशीलच्या काळात पिक्चर लागला की चांगला मुक्काम ठोकून असायचा. कोणी पहिल्या दिवशी सांगितलं काय आणि विसाव्या दिवशी सांगितलं काय, फरक पडत नव्हता. आता मल्टिप्लेक्समध्ये रविवार संपला की शनिवार-रविवारचे आकडे पाहून पुढचे शो ठरतात. चार शोचे दोन होतात, त्यातला एक सकाळी साडेनवाचा. नोकरी करणारा माणूस मंगळवारी साडेनवाला पिक्चर पाहणार आहे का? मग खुर्च्या रिकाम्या, मग तो एक शोही जातो. 2015 मध्ये सरकारनं मल्टिप्लेक्सला संध्याकाळी सहा ते नऊच्या वेळेत मराठी पिक्चर लावायची सक्ती जाहीर केली, पण त्यावर असा गहजब झाला की ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ताणून दिली. दुपारी दोनचा शो लावला तरी नियम पाळल्यासारखा.

त्यात मराठीवाले स्वतःही काही कमी नाहीत. 12 सप्टेंबर 2025 आठवा. 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट', तीन मराठी पिक्चर एकाच शुक्रवारी. त्याच दिवशी जपानी 'डिमन स्लेयर' आणि तेलुगू 'मिराय'. कोणी म्हणेल नशीब, मी म्हणेन आपसात एक फोन झाला असता तर बरं झालं असतं. आणि आपल्या भागाची गोष्ट अजून वेगळी. पिक्चरच्या धंद्यात विदर्भ मुंबईच्या खात्यात धरतच नाहीत. आपल्याला आजही 'सी.पी. बेरार' म्हणतात, म्हणजे इंग्रजांच्या काळातला 'मध्य प्रांत आणि वऱ्हाड'. तो प्रांत 1950 मध्ये गेला, वितरकांच्या वहीत मात्र शिल्लक आहे. मराठी पिक्चरचा हिशोब आधी पुण्या-मुंबईवर मांडला जातो. आपल्याकडे शो मुळातच कमी, आणि त्यातही पहिल्या तीन दिवसांत माणसं आली नाहीत तर 'नागपुरात मराठी चालत नाही' हे लिहून ठेवायला सगळे तयार असतात. मग पुढच्या पिक्चरला अजून एक शो कमी. 'काही येतच नाही' असं जे तुम्हाला वाटतं, ते असं तयार होतं. येतं भाऊ, तुम्ही पोचायच्या आत जातं.

म्हणून तुमचा शुक्रवार वापरा. मोठा पिक्चर कुठे पळून जात नाही. 'धुरंधर' साडेतीन तासांचा असून हजार कोटींच्या वर गेला, तो काही तुमच्या ग्रुपवरच्या पहिल्या मेसेजमुळे नाही. मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या हिंदी पिक्चर लावताना ओटीटीआधी आठ आठवड्यांचं अंतर मागतात, तेव्हा तो महिनाभर तरी कुठेतरी सापडतोच. तो रविवारी पाहा, सोमवारी पाहा, पाहिजे तर तीनदा पाहा. पण ज्या शुक्रवारी लहान पिक्चर लागला असेल, त्या दिवशी पहिला शो त्याचा. आवडला तर त्याच रात्री ग्रुपवर लिहा, आणि लिहिताना कुठल्या टॉकीजला किती वाजता आहे तेही टाका. 'मस्त आहे, बघा' एवढ्यानं कोणी उठत नाही. 'उद्या साडेसहाचा शो, मी परत येऊन राहिलो, कोण येतं?' म्हटलं की दोघं तरी उठतात. 2023 चा 'ट्वेल्थ फेल' पहिल्या दिवशी काही गर्दी घेऊन आला नव्हता. माणसं माणसांना सांगत गेली आणि तो महिनोन्‌महिने चालला. तुमच्यासारख्यांनीच चालवला तो.

आणि आवडला नाही तर? लहान पिक्चर लहान आहे म्हणून खोटं कौतुक करायचं नाही. मराठी आहे म्हणून गोड मानून घ्या, हा उपदेश मला मुळीच मान्य नाही. त्यानं मराठी पिक्चरचं वाटोळंच झालंय. आवडला नाही तर तसं सांगा, पण पाहून सांगा.

आईचा मुद्दा सोपा आहे, आणि तिचा राग पूर्ण रास्त आहे. 'दशावतार'मध्ये दिलीप प्रभावळकर वयाच्या 81 व्या वर्षी काय करतात, हे पाहायला तिला जायचं होतं. तुम्ही तिला ते वरण-भातासोबत वाढलंत. पिक्चरबद्दल सांगायला गोष्ट सांगावी लागत नाही. कोणी काम चांगलं केलंय, कुठे कंटाळा येतो, गाणी कशी, आवाज फार मोठा आहे का, दोन तास बसवेल का, आईच्या वयाच्या माणसाला हे कळलं की पुरे. मध्यंतरानंतर काय होतं हा विषय जेवणाच्या टेबलावर बंद. पुढच्या वेळी तिला एकटीला तिकीट काढून देऊ नका, तिच्या भिशीतल्या चौघी-पाचजणींना सोबत पाठवा. 'बाईपण भारी देवा' 2023 मध्ये असाच चालला होता. बायका गटागटानं गेल्या आणि येऊन दुसऱ्या गटाला सांगितलं. तुमच्या आईची भिशी तुमच्या ग्रुपपेक्षा जास्त तिकिटं विकू शकते. ती परत आली की तिला बोलू द्या, तुम्ही भाजी निवडत ऐका.

राहिली बायको. ती पिक्चरला यायला नाही म्हणते याचा अर्थ तिला पिक्चर आवडत नाहीत असा तुम्ही धरलेला दिसतोय. मला तसं वाटत नाही. अंधारातून बाहेर आल्यावर माणसाला थोडा वेळ लागतो. एखादा प्रसंग डोक्यात घोळत असतो, आवडलं की नाही हेही ठरलेलं नसतं. तेवढ्यात शेजारून कोणी "सेकंड हाफ ढिला होता, क्लायमॅक्स ओढला, हिरोइन वाया घालवली" असा पाढा सुरू केला, की आपलं जे काही बनत होतं ते तिथेच मोडतं. मग एक तर हो म्हणायचं नाही तर भांडायचं. ती दोन्ही करून थकली असेल, म्हणून घरी थांबते. लग्नाला जितकी वर्षं झाली असतील तितक्या वर्षांत, पिक्चर संपल्यावर "तुला कसा वाटला?" हे तुम्ही आधी विचारलं, मग आपलं सांगितलं, असं किती वेळा झालं? मला आकडा कळवू नका. तिला माहीत आहे.

या वेळी पिक्चर तिला निवडू द्या. तिनं निवडलेला तुम्हाला भिकार वाटणार हे गृहीत धरून जा. ट्रेलर आधी पाहू नका, म्हणजे तोंडात शब्द तयार नसतील. मेडिकल चौकातल्या मॉलमध्ये गेलात तर परतताना अजनीवरून वर्धा रोडला लागेपर्यंत पिक्चरचं नाव काढायचं नाही. भूक लागली का विचारा, कुठे थांबायचं का विचारा. ती स्वतःहून बोलली तर ऐका. ती म्हणाली की आवडला, तर उत्तराची सुरुवात 'पण' या शब्दानं करू नका. निदान मनीषनगरचा पूल उतरेपर्यंत तरी.